अडीच वर्षं

नालासोपाऱ्यात राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं मला हेही माहीत नव्हतं की आपण ज्या गर्दीत रोज सकाळी लोकलला लोंबकळतो त्या गावात एक स्तूप आहे. गावातले जुने लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदलं तेव्हा आतून एक मोठी दगडी पेटी निघाली, तिच्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि मधोमध एकात एक ठेवलेल्या डब्या, आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत काय तर मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानून कुणीतरी ते इतकं जपून ठेवलेले. सोन्यात माती. त्याच वर्षी, त्याच माणसाला, त्याच सोपाऱ्यात एक फुटका दगडही मिळाला आणि त्यावर अक्षरं होती. सम्राट अशोकाने ठिकठिकाणी खडकावर कोरून घेतलेल्या चौदा लेखांपैकी आठव्याचा तुकडा.

आणि दुसरा तुकडा, नवव्या लेखाचा, मिळाला इथून जवळच्या भुईगावला, १९५६ साली. हे साल वाचलं आणि मी थांबलेच. कारण आमच्या घरात १९५६ म्हणजे एकच गोष्ट.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होती. वीस-एक वर्षांची असेल, कडेवर वर्षाचे माझे बाबा, अंगावर पांढरं लुगडं, ते पण शेजारणीचं कारण तिच्याकडे पांढरं नव्हतं. भंडाऱ्याकडून काही अंतर बैलगाडीने, काही पायी, असं करत हे लोक पोचले. बाबासाहेबांनी मुद्दाम तो दिवस निवडला होता, अशोक विजयादशमीचा. कलिंगानंतर अशोकाने युद्धाचा विजय सोडून धम्माच्या विजयाची वाट धरली त्याची आठवण म्हणून हा दिवस, म्हणून आमच्याकडे दसरा कधी नुसता दसरा नसायचाच. लहानपणी मला वाटायचं अशोक आमच्या नात्यातला कुणीतरी आहे. म्हणजे आजी ज्या सुरात "आपला अशोक" म्हणायची त्या सुरात ती फक्त तिच्या धाकट्या भावाबद्दल बोलायची.

शाळेत शिकलेला अशोक वेगळा होता. तिथे एक चित्र असायचं, रणांगण, प्रेतं, आणि राजा तलवार टाकून उभा. एका संध्याकाळी माणूस बदलला, चंडाशोकाचा धम्माशोक झाला, संपलं, पुढचा धडा. मोठी झाले तरी माझ्या डोक्यात हेच होतं, एक क्षण, एक उलटापालट. आणि आपल्या आयुष्यात असा क्षण आला नाही की मग वाटत राहायचं की आपल्यातच काही कमी आहे.

सोपाऱ्याच्या त्या दगडाच्या नादाने मी अशोकाचे लेख वाचायला लागले, भाषांतरातून, हळूहळू, लोकलमध्ये सीट मिळाली तर. तो गादीवर आला साधारण इ.स.पू. २६८ ला आणि अभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर त्याने कलिंग जिंकलं. तेराव्या लेखात तो स्वतः आकडे देतो. दीड लाख माणसं तिथून हलवली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली. हे त्याच्या शत्रूने लिहिलेलं नाही, जिंकलेल्याने लिहिलंय, आणि जिंकलेला माणूस आपल्या प्रशस्तीत असं लिहीत नसतो. पुढे तर तो आणखी बारकाईने बोलतो, की जे स्वतः वाचले त्यांचेही मित्र, ओळखीचे, नातेवाईक संकटात सापडले आणि तोही त्यांच्यावरचा घावच आहे. आणि म्हणतो की तेव्हा जेवढे मेले त्याचा शंभरावा काय, हजारावा भाग जरी आज मेला तरी देवांच्या प्रियाला, म्हणजे त्याला स्वतःला, ते जड वाटेल. हे वाचताना मला बोरिवली कधी गेलं कळलं नव्हतं.

पण मला ज्याने खरं धरलं तो लेख वेगळाच, छोटा. मध्य प्रदेशात कटनीच्या बाजूला रूपनाथला आहे, इतरही ठिकाणी आहे. त्यात तो सांगतो की मी उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली, पण मी काही फार जोर लावला नव्हता. मग वर्षभराहून जास्त झालं संघाच्या जवळ गेलो, आणि तेव्हापासून नीट प्रयत्न करतोय.

बस, एवढंच. राजा आहे, अफगाणिस्तानपासून कर्नाटकापर्यंत सत्ता आहे, कंदाहारला ग्रीक आणि अरमाइक भाषेत लेख कोरून घेतोय, आणि दगडावर काय कोरायला सांगतो तर सुरुवातीला मी जरा ढिलाच होतो. मी ते वाक्य त्या दिवशी किती वेळा वाचलं माहीत नाही. तलवार टाकायचं ते चित्र डोक्यातून गेलं ते कायमचं. त्याच्या जागी एक असा माणूस आला ज्याने निर्णय घेतला आणि नंतर कितीतरी दिवस त्याला तो निर्णय जमतच नव्हता.

आणि मला आजीचा टाक आठवला.

दीक्षा घेऊन गावी परतल्यावर सगळ्यांनी घरातले देव काढले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या सगळ्यांनी, मोठ्याने म्हणून. आजोबांनी देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले, आमच्या वस्तीत त्या आठवड्यात हेच चाललं होतं. पण आजीने एक देवीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती, मागे ठेवला. चांदीचा, नखाएवढा, तिच्या आईने दिलेला. धानाच्या कोठीत खाली दाबून. दुसऱ्या वर्षी बाबांना देवी निघाल्या, आमच्याकडे माता निघाली म्हणायचे, अंगभर फोड, ताप, त्या साथीत शेजारची दोन लेकरं गेली होती. आजी रात्री सगळे झोपल्यावर उठायची, कोठीत हात घालून टाक काढायची आणि त्याला हळदकुंकू लावून परत पुरायची. बाबा वाचले. तोंडावर वण राहिले ते शेवटपर्यंत.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती आणि आधी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. मी विचारलं, आजोबांना कळलं नाही? तर म्हणाली, "त्याहिले मालूम होतं. हळद बोटाले लागते ना बाई, सकाळी दिसते. काही नाही बोलले." मग मी जरा शहाणपणा करत विचारलं की मग दीक्षेचं काय, त्यावर ती रागावली नाही, खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "लुगडं येका दिवसात बदलते. मनातलं येका दिवसात नाही निंघत." दोनेक वर्षांनी तिने स्वतःच, कुणी न सांगता, तो टाक नदीत सोडला. का त्याच दिवशी सोडला ते तिला सांगता आलं नाही. वाटलं, एवढंच.

त्यानंतरची आजी मी पाहिलेली. पंचशील म्हटल्याशिवाय चहा न घेणारी, गावात लग्न ठरलं की भटजी नको म्हणून भांडायला पहिली उभी, वर्षानुवर्षं दीक्षाभूमीला जाणारी, आणि सत्तरीत सुद्धा तिथे दोन दिवस उघड्यावर झोपणारी. तिच्या श्रद्धेत कुठे भेग शोधून सापडली नसती. पण ती तशी झाली ती त्या दोन वर्षांतून, कोठीत हात घालून. चौदा ऑक्टोबरला झाली नाही. आणि चौदा ऑक्टोबर नसता तर ती दोन वर्षं सुरूच झाली नसती हेही तितकंच खरं, हे मला फार उशिरा कळलं.

आता भुईगावचा नववा लेख. त्याचा विषय काय आहे माहितीये? मंगलकार्यं. नवस, विधी, उपचार. अशोक म्हणतो, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, आणि बायका तर पुष्कळ, बारीकसारीक, निरर्थक विधी करतात. करावेत, पण त्याचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. ज्या वर्षी आजीने घरातले विधी सोडायची शपथ घेतली त्याच वर्षी विधींबद्दलचा हा दगड इथे जमिनीतून वर आला, आणि मी आज त्याच परिसरात भाड्याच्या वन बीएचकेत राहते. योगायोगच आहे, पण मला तो सोडवत नाही.

तरी एक सांगते, त्या बायकांबद्दलच्या ओळीवर मी अशोकाशी भांडले. मनात भांडले, पण खरंच भांडले. आजारी लेकराच्या उशाशी रात्री कोण जागत होतं? विधी निरर्थक असेल, मीही मानत नाही, पण तो विधी करणारीच्या हातात त्या रात्री दुसरं काय होतं, डॉक्टर होता? औषध होतं? मग लक्षात आलं की त्याच अशोकाचा दुसरा लेख आहे ज्यात तो माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचं सांगतो, जिथे औषधी वनस्पती, मुळं, फळं नव्हती तिथे आणून लावली म्हणतो, रस्त्यावर विहिरी, झाडं. नुसतं विधी सोडा म्हणून थांबला नाही. दोन्ही लेख शेजारी ठेवले की माझा राग निम्मा उतरतो. निम्माच.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे आणि त्यावर मी बरेच दिवस अडकले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही भुवनेश्वरला गेलो होतो नवऱ्याच्या ऑफिसच्या कामाला जोडून, तेव्हा धौलीला गेलो. खाली खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती, त्याच्या पायाशी लेख, समोर दया नदीचं पात्र आणि भातशेती, वर टेकडीवर १९७२ चा पांढरा शांतिस्तूप. मी हट्टाने तेरावा लेख शोधत होते, तो एक लाखाचा, दीड लाखाचा. तर तो तिथे नाहीच. धौलीलाही नाही आणि कलिंगातल्या दुसऱ्या ठिकाणी जौगडलाही नाही. इतर ठिकाणी जे कोरलं ते ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या गावात कोरलेलं नाही. अकरावा, बारावा, तेरावा असे तीन लेख गाळून त्याजागी दोन वेगळे घातलेत.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. माफी मागायची तर ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात मागावी ना, गिरनारला आणि पार शाहबाजगढीला सांगून काय उपयोग. परतीच्या फ्लाइटमध्ये पण तेच डोक्यात. मग ते दोन वेगळे लेख नीट वाचले. ते तोसली आणि समापा या कलिंगातल्या शहरांच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत, आणि त्यात तो म्हणतो, सगळी माणसं माझी लेकरं आहेत. आणि पुढे अगदी कामाचं बोलतो, कुणाला विनाकारण कैद होते, कुणाचा छळ होतो, मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस यांमुळे न्याय होत नाही, ते होऊ देऊ नका, मी दर पाच वर्षांनी असा माणूस पाठवीन जो कठोर नसेल, रागीट नसेल. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवा, मधेमधेही दाखवा, अगदी एकटाच माणूस असला तरी त्यालाही ऐकवा.

म्हणजे ज्यांना मारलं त्यांना त्याने मेलेल्यांचा आकडा सांगितला नाही. त्यांना तो माहीतच होता. त्यांना त्याने सांगितलं की यापुढे तुमच्या अंगावर सरकारचा हात पडणार नाही, आणि पडू नये म्हणून मी माणूस पाठवीन. मी यावर पूर्ण समाधानी आहे असं नाही. त्या दीड लाख हलवलेल्या लोकांना परत आणल्याचं कुठेच लिहिलेलं नाही आणि कलिंगही त्याने परत दिलं नाही. त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना तो समजावतो खरा, पण बजावतोही, की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्याकडे ताकद आहे. फाशीची शिक्षाही बंद केली नाही, मरणाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. आमच्याकडे जयंतीला भाषणं होतात त्यात हे कुणी बोलत नाही. मला वाटतं बोलावं. आजीचा टाक लपवून आजी मोठी होत नाही, तसंच आहे हे.

त्याच्या ताटाचंच घ्या. पहिल्याच लेखात आहे, पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी रश्श्यासाठी मारले जायचे, आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरण, ते हरणही रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. पुढे. म्हणजे लेख कोरताना अजून मोर सुटलेला नव्हता! आणि त्याने ते लपवलं नाही. सगळं सोडल्यावर मग कोरायचं असं त्याने ठरवलं असतं तर बहुतेक काहीच कोरलं गेलं नसतं.

सोपाऱ्याचा जो आठवा लेख, त्याचा तुकडा मी मुंबईला म्युझियममध्ये जाऊन पाहिला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. चर्चगेटला उतरून चालत. तो लेख प्रवासाबद्दल आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार, मौजमजा. अशोक अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेला, म्हणजे बोधगयेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात काय करायचं, तर श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटून सोनं वाटायचं, खेड्यातल्या लोकांना भेटायचं, धम्माबद्दल सांगायचं आणि धम्माबद्दल विचारायचं. शिकारीपेक्षा यात जास्त आनंद मिळतो असंही लिहिलंय. मला ते म्हाताऱ्यांना भेटणं फार आवडतं. राजाच्या दौऱ्याच्या कार्यक्रमात वेगळं कलम आहे, म्हातारी माणसं.

आणि हा माणूस आपण विसरलो होतो. पार. लंकेतल्या ग्रंथांनी जपला, तिथे त्याची मुलं महेंद्र आणि संघमित्रा गेली होती, संघमित्राने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड अनुराधपूरला आजही सांगतात. तिथल्याच महावंसात आहे की तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या तिसऱ्या मोठ्या सभेनंतर, महाधम्मरक्खित महारट्ठात म्हणजे महाराष्ट्रात आला आणि आमच्या या अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, आला योन धम्मरक्खित, योन म्हणजे ग्रीक. सोपाऱ्याच्या बंदरावर पाली बोलणारा ग्रीक भिक्खू, हे चित्र मी कितीदा तरी रंगवलंय. पण भारतात दगड उभे होते आणि वाचता कुणालाच येत नव्हते. फिरोजशाह तुघलकाने टोपरा गावचा आख्खा अशोकस्तंभ दिल्लीला आणला, कापसात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाडीवरून, तेव्हाही कुणाला वाचता आला नाही. १८३७ ला जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ब्राह्मी लिपी लावली तर त्याला आधी वाटलं लेखात ज्याचं नाव येतं तो पियदसी लंकेचा राजा. लंकेतून टर्नरने पाली ग्रंथ पाहून कळवलं की नाही, हा अशोक. आणि त्याच्या स्वतःच्या लेखात अशोक हे नाव पहिल्यांदा मिळालं १९१५ ला, कर्नाटकात मस्कीला.

आणि मला ती नव्याण्णव भावांना मारणाऱ्या चंडाशोकाची गोष्ट पटत नाही. पाचव्या लेखात तो स्वतःच्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख करतो, अभिषेकाच्या तेराव्या वर्षानंतर, म्हणजे होते की ते. आधीचा जितका काळा रंगवाल तितका नंतरचा उजळ दिसतो म्हणून ती रंगवली असणार. त्याला त्याची गरज नव्हती, कलिंग पुरेसं काळं होतं आणि ते त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

पण दुसरी एक दंतकथा आहे, ती खरी नसली तरी मला सोडवत नाही. म्हातारपणी अशोक संघाला इतकं देत सुटला की मंत्र्यांनी खजिना बंद केला. मग तो जेवायची सोन्याची ताटं द्यायला लागला, ती काढून घेतली, चांदीची दिली, तीही काढली. शेवटी हातात राहिला अर्धा आवळा. तो त्याने कुक्कुटाराम विहाराला पाठवला, म्हणाला, आता एवढ्याचाच मालक आहे मी. तिथल्या भिक्खूंनी तो आवळा वाटून रश्श्यात घातला म्हणजे सगळ्यांना मिळेल. आजी शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा शेजारच्या बेडवरच्या बाईला स्वतःचं अर्धं केळं द्यायची, रोज, ती बाई खात नव्हती तरी. मी ओरडायचे.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन स्तूपावर गेले, चौथीत आहे ती. ऊन उतरलेलं, एक म्हातारे गृहस्थ विटांच्या चौथऱ्याभोवती हळूहळू फेऱ्या मारत होते, बाकी कुणी नाही. तिला मी दगडाबद्दल सांगितलं. तिने विचारलं, राजाने स्वतः लिहिलं? म्हटलं नाही, तो सांगायचा, कोरणारे वेगळे. कर्नाटकातल्या एकाचं नाव पण माहितीये, चपड, त्याने खाली सही केलीये. मग त्याची स्पेलिंग मिस्टेक झाली तर? मी म्हटलं झाल्या ना, आणि राजाला माहीत होतं ते. चौदाव्या लेखात सांगितलंय, काही लेख थोडक्यात आहेत, काही मोठे, काही गोष्टी मी पुन्हा पुन्हा बोललोय कारण त्या मला गोड वाटतात, आणि काही ठिकाणी अपुरं राहिलं असेल, जागेमुळे किंवा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे.

"मग त्यांनी खोडून परत का नाही लिहिलं?"

"दगड आहे गं तो."

तिला ते पटलं. विटांवरून उड्या मारू नको म्हटल्यावर खाली उतरली आणि त्या आजोबांच्या मागे मागे, त्यांच्याइतक्याच हळू, फेरी मारायला लागली.